एक दिवस जनी, एक दिवस सखू

रत्नागिरी, ५ डिसेंबर १९८५

प्रिय भार्गव,

प्रकल्पाच्या कामाचं पत्र म्हणून 'तुम्ही' लिहायला बसले होते. दोन कागद फाडले. नवरा दिल्लीत असला आणि तीन वर्षांत भेटलेला नसला, तरी त्याला 'आपण कळवावे' लिहिताना माझं मलाच हसू आलं. तेव्हा 'तू'च. त्यातून जास्त काही काढू नकोस.

काम सुरू झालं. एकोणऐंशी साली आपण दोघांनी ज्या सहा वर्षांच्या मुलांची नोंद केली, ती आता बारा-तेरा वर्षांची झाली आहेत. मी गावोगाव त्यांनाच शोधत फिरते आहे. कोण शाळेत टिकलं, कोण गळलं, आणि सहाव्या वर्षी त्या घरात जे होतं किंवा नव्हतं त्याचा यात किती वाटा. तुझ्या टिपणात हा प्रश्न एका ओळीत मावतो. इथे तो एसटीच्या मागच्या बाकावर आदळत जाऊन, मग चढ चढून, धापा टाकत विचारावा लागतो.

राहते मुसाकाकांच्या माडीवर. बोटीवरून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. रोज विचारतात, "बाई, पोरांची उंची मोजून सरकारला काय कळतं?" मी रोज वेगळं उत्तर देते. एकही त्यांना पटलेलं नाही.

राजापूरच्या वर, कातळाच्या सपाट सड्यावरचं आंबेकोंड आठवतं? तिथली जनी पाष्टे? तू तिची उंची घेतलीस तेव्हा तिने पट्टी हातात घेऊन तुलाच भिंतीला उभं केलं होतं. आपल्या चाचणीत त्या गावातलं सगळ्यात पुढचं मूल तीच होती. काल गेले तर जनी अंगणात शेण कालवत होती. कडेवर वर्षाचा भाऊ, केरू. तिची आई सोनूबाई गेल्या पावसाळ्यात गवताचा भारा घेऊन घाटीच्या उतरणीवरून घसरली. कंबरेचं हाड नीट सांधलं नाही. घरातल्या घरात भिंत धरून चालते. बाप काशीराम मुंबईला. गिरणी गेली, आता कुठेशी पहारेकरी आहे. जनीचं नाव सातवीतून कमी झालं आहे. धाकटी सखू पाचवीत जाते.

मी नोंद केली: 'शाळा सोडली. कारण: घरकाम.' नियमाप्रमाणे. बघायचं, लिहायचं, हात लावायचा नाही.

जनी मला म्हणाली, "बाय, ह्या टायमाला उंची नाय मोजलीत?"

तक्ते वेगळ्या पाकिटाने पाठवते आहे.

मालन


रत्नागिरी, ४ जानेवारी १९८६

प्रिय भार्गव,

तक्ते मिळाल्याचं कळलं. खेडकडची गावं संपली, परवा वेळणेश्वरच्या बाजूला जाईन. शंका होती तेच दिसतं आहे. सहाव्या वर्षी पोटभर जेवणारं मूल आणि अर्धपोटी मूल यांच्यातला फरक वर्गात दिसतोच, पण बाराव्या वर्षी मुली गळतात त्याचा जेवणाशी तेवढा संबंध नाही. पोटभर जेवणाऱ्यासुद्धा गळतात. याचा नीट विचार करायला हवा.

आंबेकोंडच्या नोंदीत एक दुरुस्ती: जनी पाष्टे हिचं नाव शाळेत पुन्हा दाखल करण्यात आलं आहे.

समितीसमोर तुझी बैठक एप्रिलमध्ये असल्याचं समजलं. त्याआधी अहवालातलं माझं प्रकरण तयार होईल. दिल्लीत थंडी फार असेल. लोकरीचं काही घेतलंस का, की अजून तोच तपकिरी स्वेटर?

मालन


रत्नागिरी, २३ जानेवारी १९८६

भार्गव,

'दाखल करण्यात आलं, म्हणजे कोणी केलं?' एवढी एकच ओळ लिहिण्यासाठी तू आख्खं आंतर्देशीय खर्च केलंस. बरं. मी केलं.

खेडहून परत यायचं सोडून मी पुन्हा आंबेकोंडला गेले होते. कामासाठी नाही. तिचा तो उंचीचा प्रश्न पाठ सोडत नव्हता.

सोनूबाईसमोर बसून म्हटलं, "जनीला शाळेत पाठवा."

ती म्हणाली, "बाय, ती शिकली तं मना बरा वाटंल. पन घरचा कोन बगंल?"

मी म्हटलं, जमेल. थोडं लवकर उठायचं, थोडं तुम्ही बसल्या बसल्या करायचं. अगदी असंच म्हटलं. ती म्हणाली, "तुमी एवढ्या लांबून आलाव, मी नाय कसा म्हनू?"

तिथून शाळेत. शिवगण गुरुजी म्हणजे त्या दोनशिक्षकी शाळेचे मुख्याध्यापक. पहिली ते सातवी दोनच खोल्यांत बसते. गुरुजी म्हणाले, "नाव काढलेलं परत घालायला कारण लागतं, बाई." मी म्हटलं, मुलगी हुशार आहे हे कारण पुरेसं नाही का? ते हसले. "हुशारी हे नाव काढायचंही कारण होत नाही आणि घालायचंही." पण घातलं त्यांनी.

जनी दुसऱ्या दिवशी शाळेत बसली. मी खिडकीतून बघितलं. माझ्या अंगात कसलं वारं शिरलं होतं सांगू? परतताना घाटी मी जवळजवळ पळत उतरले.

तू म्हणशील नियम आपण दोघांनी मिळून केला. केला. तू म्हणशील, बाकीच्या गळलेल्या मुलींचं काय, हीच का? मी पोस्टमनची पाचवी मुलगी. मोठ्या चौघी घरचं करत होत्या म्हणून माझ्यासाठी काम उरलं नाही आणि मी शाळेत गेले. हे तुला माहीत आहे. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

हवं तर ते घर नमुन्यातून काढ. पण मला न विचारता काढू नकोस.

मालन


रत्नागिरी, २० फेब्रुवारी १९८६

भार्गव,

तुझं बरोबर होतं. हे वाक्य एकदाच लिहिणार आहे, नीट वाचून घे.

मंगळवारी आंबेकोंडला गेले. आधी शाळेत. जनी सातवीच्या रांगेत बसलेली, मला बघून मान खाली घातली. मला वाटलं लाजली. पाचवीच्या रांगेत सखू दिसेना. गुरुजींना विचारलं. ते खडू घासत म्हणाले, "ती महिनाभर नाही आली. जनी आली ना."

घाटीच्या खाली विहीर आहे. सड्यावरची आटली की सगळी वाडी तिथूनच पाणी आणते. मी वरून बघितलं. सखू चढत होती. डोक्यावर हंडा, काखेत कळशी, आणि मान इतकी ताठ, की मी हाक मारली तरी तिला वळता येईना. वर आल्यावर हंडा उतरवायला हात लावायला गेले तर म्हणाली, "नको बाय, सांडंल."

अकरा वर्षांची आहे ती, भार्गव.

मी सोनूबाईवर ओरडले. मला ओरडायचा काय अधिकार होता, पण ओरडले. "एक मुलगी शाळेत घाला म्हटलं, दुसरीला काढा असं कधी म्हटलं?"

ती शांतपणे चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली, "तुमाला जनी होवी व्हती, नेलीत. आता सखू बी न्या. मंग मी आनि केरू हितं तोंडाकडं बगत बसू. पानी काय तुमचा पुस्तक आनून देनार हाय?"

मी उठून बाहेर आले. कुठे जायचं ते कळेना. सड्यावर नुसती चालत सुटले. कातळ तापला होता, पायाला चटके बसत होते, तरी थांबवेना. आपण इतकी वर्षं मूल मोजत आलो. एका मुलाची उंची, एका मुलाची शाळा, एका मुलाचं जेवण. घरातलं काम मात्र तेवढंच्या तेवढं राहतं आणि कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतं. जनीच्या डोक्यावरून मी ते उचललं आणि सखूच्या डोक्यावर ठेवलं. आणि घाटी पळत उतरले.

तू लिहिलंस, 'म्हणूनच नियम असतात.' खरं आहे. पण नियम पाळला असता तर हे तुला-मला कळलं तरी असतं का? जनीसमोर 'गळली' आणि सखूसमोर 'शिकते' असं लिहून आपण मोकळे झालो असतो. वर धाकट्या मुलींना संधी जास्त मिळते असा निष्कर्षही काढला असता.

घर नमुन्यातून काढायला माझी ना नाही. पण मी तिथून निघणार नाही. आता निघणं म्हणजे आग लावून पाणी आणायला म्हणून जाणं आणि परत न येणं.

मालन


रत्नागिरी, १५ मार्च १९८६

प्रिय भार्गव,

दोन गोष्टी घडल्या. पहिली ऐकून तू हसशील. हस.

मी तोडगा काढला होता. शेजारच्या तुळसाला पैसे द्यायचे, तिने पाष्ट्यांचं पाणी भरायचं. तुळसा खूश, सोनूबाई कशीबशी कबूल. आठवड्याने गेले. पैसे तुळसाने घेतले होते, हंडा तिच्या पोरीने उचलला होता. ती पोर चौथीत होती. होती म्हणते, कारण तिचंही जाणं बंद. मी तुळसाच्या अंगणात उभी, आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं. तुळसा घाबरून म्हणाली, "काय चुकला का, बाय?" त्याच दिवशी ते बंद केलं. तिच्या पोरीला मी स्वतः शाळेत नेऊन बसवलं. किती दिवस बसेल देव जाणे.

पंचायतीत पंपाचा अर्ज दिला. सरपंच म्हणाले, विहिरीला पाणी असेल तर पंप, आणि विहिरीला पाणी आहे असं दाखवलं तर उन्हाळ्यातला टँकर बंद. मी बाहेर आले.

दुसरी गोष्ट मी केलेली नाही, आणि म्हणूनच बहुधा चांगली आहे. तुळसाच्या पोरीला बसवायला गेले त्या दिवशी शाळेत सखू दिसली आणि जनी नाही. मी हादरले. परत अदलाबदल? जनीला घरी गाठलं. ती केरूला पेज भरवत होती.

"तू का घरी?"

"आज सखूची पाली."

"पाळी कसली?"

"एक दिस मी, एक दिस ती. आईस नाय सांगलेला, आपलंच ठरवला. आता तिला पन कलला." मग जरा थांबून म्हणाली, "सातवी नि पाचवी एकाच खोलीत बसते ना, बाय. सखू तिचा लिवता लिवता माजा ऐकून येता. मी गेले का तिचा ऐकून येते."

मी तिची परीक्षा घेतली. खरंच. दोन दिवस आधी, सखूच्या पाळीला, सातवीला शिकवलेलं व्याज तिला येत होतं, वर्गात नसताना. पाचवीतल्या पोरीने ते कान देऊन ऐकलं, घरी आणलं, आणि भांडी घासता घासता थोरलीला दिलं. एकदा सखूने उलटं आणलं होतं म्हणे, मुद्दल आणि व्याज. त्यावरून दोघींची मारामारी झाली.

गुरुजींकडे गेले. ते वैतागलेले होते. "बाई, मी हजेरीत काय लिहू? दोघी अर्ध्या-अर्ध्या. दोघींना मिळून एक पूर्ण मुलगी होते. तसा रकाना नाही माझ्याकडे."

"परीक्षेला बसू द्याल?"

त्यांनी हजेरीपट मिटला. "बसवतो. पोरी येतात ना, मग बसवतो. पण परीक्षेला पाळी चालत नाही हं. सगळे वर्ग एकाच वेळी बसतात. त्या दिवसांत घरी कोण राहणार ते तुम्ही बघा."

परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. तुझी बैठकही त्याच आठवड्यात.

मालन


रत्नागिरी, ६ एप्रिल १९८६

भार्गव,

तुझी तार मिळाली. 'उपस्थिती अत्यावश्यक.' तारेतसुद्धा तू जोडाक्षरं सोडत नाहीस.

मला परिणाम माहीत आहेत. पुढच्या टप्प्याची मंजुरी या बैठकीत ठरणार, माझं प्रकरण मीच वाचायला हवं, आणि मी नसले तर समिती काय समजेल हेही माहीत आहे. पुण्याहून संस्थेच्या संचालकांचं पत्र आलं आहे. भाषा सभ्य आहे, अर्थ तेवढा सभ्य नाही.

काशीरामला कळवून पाहिलं. सुटी मिळत नाही, शिमग्यालाही नव्हती मिळाली. सोनूबाईचा भाऊ महिपत खाली राजापूरजवळ राहतो. ती पडल्यापासून तो तिला बोलावतो आहे, 'पोरांना घेऊन इकडे ये, दारात विहीर आहे, हायस्कूल जवळ आहे.' ती जात नाही. सासरच्या घराला कुलूप घालून भावाच्या दारी जाणं म्हणजे तिच्या लेखी नवऱ्याने टाकल्यासारखं. हे मी तिच्याशी बोलून बघितलं. तिने विषय बदलला.

तर परीक्षेच्या दिवसांत तिच्या घरी मी राहणार आहे. पाणी मी भरणार आहे.

प्रकरण सोबत पाठवते. तूच वाच. आणि पाष्ट्यांचं जे काय झालं ते लपवू नकोस. मी नियम मोडला असं स्पष्ट सांग. मला त्याचं काही वाटणार नाही. वाटेल, पण तू सांग.

मालन


आंबेकोंड, १९ एप्रिल १९८६

प्रिय भार्गव,

गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे, अक्षराला हसू नकोस. केरू पाठीवर चढला आहे. पोरी शेवटच्या पेपराला गेल्या आहेत. दुपारची वेळ. चूल आत्ता विझवली.

पहिल्या दिवशी हंडा डोक्यावर घेऊन मी घाटीच्या मध्यावर बसले. बसले म्हणजे पडलेच. हंडा गडगडत खाली गेला, त्याला पोचा आला. विहिरीवरच्या बायका धावत आल्या. त्यांतली एक म्हणाली, "ही दिल्लीवाली हाय?" दुसरी म्हणाली, "नाय गो, ही इथलीच राजापूरची, पोस्टमनची." मला त्या क्षणी दिल्लीची असते तर बरं झालं असतं असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून कळशीच घेतली. म्हणजे खेपा दुप्पट. विहिरीत पाणी तळाला, झरा जमेपर्यंत काठावर बसून राहायचं. घरी आलं की केरू रडतोय, गुरं ओरडतायत, भाकरी थापायची. माझ्या भाकरीला सोनूबाईने एकदा उलटसुलट करून बघितलं आणि काही न बोलता खाल्ली. काल संध्याकाळी माझा हात वर उचलेना. सखूने तेल लावलं. मला हसत होती, आणि एकीकडे विचारत होती, "बाय, पृथ्वीला खरंच आस असता? दिसत कसा नाय?"

आज सकाळी मी तिसरी खेप घेऊन आले आणि ओटीवर आडवी झाले. उठवेना. सोनूबाई भिंत धरत बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली. पुष्कळ वेळ.

म्हणाली, "तुमी धडधाकट बाय. खाल्ल्यापिल्ल्या घरच्या."

मी म्हटलं, हो.

"चार दिसांत तुमचा ह्यो हाल."

मी पदराने तोंड पुसलं.

"मी पन लहानपनापासून ह्याच करत आलंय. मना वाटायचा, पोरींचा ह्यो खेलच हाय. येता-जाता व्हता. कवा बगितलाच नाय मी, उबा राहून, दुसरा मानूस करताना." मग आत वळली. आतून तिचा आवाज आला, "पोरी आल्या का महिपतास निरोप धाडते."

मी उठून बसले, भार्गव. तिच्या मागे आत गेले नाही. मला भीती वाटली, मी एक शब्द बोलले तर तिचं मन बदलेल. म्हणून तुला लिहायला बसले आहे.

तुझी बैठक काल झाली असेल.

मालन


रत्नागिरी, १२ मे १९८६

प्रिय भार्गव,

पत्र मिळालं. तू समितीला सांगितलंस, 'माझ्या सहकारी बाईंनी नियम मोडला, आणि नियम पाळून जे दिसलं नसतं ते दिसलं.' हे वाक्य मी मुसाकाकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हा माणूस तुमचा कोण?" मी म्हटलं, सहकारी.

मात्र सोनूबाईला तू तळटीपेत बसवलंस त्यावरून मी तुझ्याशी भांडणार आहे. चार ओळींची तळटीप! तिच्या कंबरेला ती जागा पुरत नाही. आणि मंजुरी लांबणीवर पडली याचा दोष माझा, मान्य. संचालकांनी मला पुण्याला बोलावून घेतलं होतं. पुढच्या टप्प्यात मी असेन असं दिसत नाही.

निकाल लागले. जनी सातवी पास, शाळेत दुसरी. सखू पास, पण गणितात जेमतेम. "मी सातवीचा जास्त ऐकला," म्हणते.

काशीराम सुटीवर आला आहे. सोनूबाईने त्याच्या तोंडावर सांगितलं, आम्ही खाली जातो. मी तिथेच होते, मला उठून जाता येईना. तो उसळला. "माज्या बापाचा घर हाय. चूल बंद पडली तं वाडीत तोंड कसा दाखवू?"

ती म्हणाली, "मंग तुमी ऱ्हावा हितं. पानी भरा."

"बाप्या मानूस डोक्यावर हंडा घेऊन जाईल?"

"मुंबैला खोलीत कोन भरता? तुमीच ना? हितं काय हाताला मेंदी लागली?"

तो तणतणत बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हंडा घेऊन घाटी उतरला. डोक्यावर नाही, खांद्यावर. वाडीतली माणसं ओट्यांवर येऊन बघत होती, कोणी खोकत होतं, पोरं मागून चालत होती. तो कोणाकडे न बघता खेपा घालत राहिला. रोज. मला वाटलं, आता हट्टाने हाच इथे राहील आणि सगळं बिघडेल. मी रत्नागिरीला परतले, पण मन थाऱ्यावर नाही. दर दोन दिवसांनी स्टँडवर जाऊन राजापूरच्या गाडीच्या कंडक्टरला विचारते, वरून कोणी आलं का.

मालन


राजापूर, १७ जून १९८६

प्रिय भार्गव,

ते उतरले.

काशीरामची सुटी संपायच्या आदल्या आठवड्यात. निरोप आल्याबरोबर मी वर गेले. मी पोचले तेव्हा महिपतने गुरं आधीच खाली नेली होती. भांडी गोणपाटात बांधलेली. काशीराम चुलीसमोर उकिडवा बसला होता. मला म्हणाला, "बाय, एक सांगू? मी पंदरा वर्सां मुंबैला. मना वाटायचा, घरची मानसं गावात सुकात हायत. पंदरा वर्सां." आणि उठला.

घाटीवरून बैलगाडी येत नाही. डोली करू असं कोणीतरी म्हणालं. सोनूबाई म्हणाली, मेलेल्यासारखी डोलीतून नाय जायची. तेव्हा काशीराम तिच्यासमोर पाठ करून खाली बसला. "चल." ती लाजली, इतकी लाजली की पदर तोंडावर ओढून घेतला, पण त्याच्या गळ्यात हात टाकले. अख्ख्या वाडीसमोर त्याने बायकोला पाठीवर घेतलं आणि घाटी उतरायला लागला. कोणी हसलं नाही. पुढे जनी, कडेवर केरू. मागे सखू, तिच्या हातात नुसती दोरीची शिंकाळी. मी सगळ्यांत शेवटी. मध्यावर तो दम खायला थांबला, तेव्हा सोनूबाई म्हणाली, "जड झालंय का?" तो म्हणाला, "हंड्यापेक्षा हलकी हायस." ती 'खोटं' म्हणत त्याच्या खांद्यावर मारत होती.

आता तुझ्यासाठी: गाव सोडलेल्या कुटुंबाचा पाठपुरावा बंद, हाही आपलाच नियम. म्हणजे पाष्टे नियमानेच नमुन्यातून गेले. काढायचा त्रास वाचला तुझा.

मला विचारलंस, 'तुझं पुढे काय?' पुण्याची नोकरी मी सोडली नाही. त्यांनी सोडायला लावली तर बघेन. राजापूरला स्टँडजवळ एक खोली घेतली आहे. नवं काम मनात आहे: घरातलं काम कोणाच्या वाट्याला येतं आणि कोणाच्या डोक्यावरून कोणाच्या डोक्यावर सरकतं. मूल नाही, घर मोजायचं. पैसे कोण देणार ठाऊक नाही. हात न लावण्याचा नियम त्यात मी पाळणार नाही हे आधीच सांगते, म्हणजे पुढे तार नको. दिल्लीला मी येणार नाही. पण हे काम एकटीने होण्यासारखं नाही, आणि आकडे नीट मांडणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. भांडतो, पण मांडतो. याचा तुला हवा तेवढा अर्थ काढ. या वेळी मी अडवत नाही.

आज शाळा उघडली. जनी आठवीत, हायस्कुलात. सखू सहावीत, तिथून जवळच. सकाळी मी मुद्दाम महिपतच्या घरी गेले. दोघी एकदमच तयार होत होत्या आणि त्यांची धांदल उडाली होती, कारण आरसा एक, फणी एक, आणि आजवर दोघींना कधी एकाच वेळी लागली नव्हती. दारातून बाहेर पडताना सखू सवयीने थांबली आणि जनीला म्हणाली, "आज कोनाची पाली?" जनीने तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघी पळाल्या.

सोनूबाई ओटीवर केरूला मांडीत घेऊन बसली होती. वाट रिकामी झाली तरी बघत होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, दोगी गेल्या. आता मी काय करू?"

आम्ही दोघी तशाच बसलो होतो, मग मी उठले, परत बसले, परत उठले. शेवटी कागद मागून घेतला आणि तुला लिहायला लागले. शाळा सुटायला अजून पुष्कळ अवकाश आहे, पण मी आतापासूनच वाटेवर जाऊन उभी राहणार आहे. इथे बसवत नाही.

मालन